सर्व डासांस कळविण्यात येते की

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला फार काही लागत नाही. सर्वसाधारण सभेत ‘मग कोण होतंय?’ असा प्रश्न येतो, तेव्हा चहा मागायला म्हणून हात वर केला की पुरतं. मी तसाच झालो. टाळ्या वाजल्या, चहा आलाच नाही.

तसा मी सुखदेव ओव्हाळ, पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. उभी नोकरी पाणी अडवण्याच्या खात्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर ‘साचलेलं पाणी ओता हो’ म्हणून लोकांच्या पाया पडायची पाळी आली. याला दैव म्हणावं, तर आमच्या घरात दैव मानत नाहीत.

त्या वर्षी गणपती गेले आणि आमच्या वारज्यात डेंग्यू आला. शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ दवाखान्यात होते. जो तो प्लेटलेटचे आकडे सांगायचा, काल चाळीसवर होत्या, आज साठवर गेल्या. तेव्हा शेअर बाजारही तेजीत असल्यामुळे लिफ्टमध्ये नेमकं कशाबद्दल बोलणं चाललंय ते दुसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या अभयने घरात सांगितलं की निकिताला दिवस गेलेत.

निकिता म्हणजे आमची सून. दोघंही हिंजवडीला एकाच कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसने जातात ते संध्याकाळी वाहतुकीत आपली हाडं मोजत परत येतात. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मधे एकदा आशा लागून ती विझलीही होती. त्यामुळे ही बातमी ऐकून मी आधी हसलो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायलो. डॉक्टरीणबाईंनी निकिताला बजावलं होतं, ‘या दिवसांत डेंग्यू झाला तर दोघांनाही जड जातं, डासांपासून जपा.’ ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच.

मी म्हटलं, “आत्ता खाली जातो आणि सगळ्यांना सांगतो की घरात गरोदर सून आहे, कुंड्यांखालच्या ताटल्या ओता.”

“अजिबात नाही,” आमची प्रेमला म्हणाली. “तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं.”

“अगं, नजरबिजर आपण मानत नाही.”

“नजर मानत नाही. पण मागच्या वेळी सगळ्यांना पेढे वाटले आणि नंतर दारोदार जाऊन ‘नाही राहिलं’ म्हणून सांगावं लागलं, ते कुणी केलं? मी. तुम्ही ऑफिसात होतात.”

थोडक्यात, जनतेला धोका सांगायचा, पण धोका कुणाला आहे ते सांगायचं नाही, अशी माझी कामगिरी ठरली.

लिफ्टशेजारी आमचा काळा फळा आहे. मी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सर्व सदनिकाधारकांस कळविण्यात येते की, परिसरात डेंग्यू या आजाराचा प्रादुर्भाव आढळून आला असल्याने आपापल्या सदनिकेतील साचलेल्या स्वच्छ पाण्याचा आठवड्यातून एकदा निचरा करण्याची दक्षता घेण्यात यावी.’ खात्यात असा मसुदा तीन सह्यांशिवाय बाहेर पडला नसता. इथे तो दोन दिवस फळ्यावर होता आणि कुणाच्या खिजगणतीत नव्हता. फक्त जोशीकाकू थांबल्या, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणजे उद्या पाणी येणार नाही ना?” त्यांनी घरी जाऊन दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेवल्या.

तेव्हा मला उमगलं की पुण्यात सरळ सांगितलेलं चालत नाही. इथल्या माणसाला अपमान झाल्याशिवाय आपल्याशी कुणी बोलतंय असं वाटत नाही. मी फळा पुसला आणि लिहिलं: ‘आपल्या कुंडीखालच्या ताटलीत डासांची अंगणवाडी चालते. प्रवेश विनामूल्य आहे, पण पालकसभेला दवाखान्यात यावे लागेल.’

अर्ध्या तासात फळ्यासमोर गर्दी! तिसऱ्या मजल्यावरच्या विश्वजीतने नव्या मोबाइलने फोटो काढला आणि ऑफिसच्या सगळ्या पोरांना ई-मेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी ऑर्कुटवर कुठल्याशा गटात माझी पाटी झळकली. मी दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. कोथरूडहून दोन गृहस्थ स्कूटरवर खास वाचायला आले आणि ‘पालकसभा उत्तम, पण कालची अधिक टोकदार होती’ असा अभिप्राय देऊन गेले. लिफ्टमध्ये लोक मला ‘आज काय नवीन?’ असं विचारू लागले. माझी छाती फुगली, हे कबूल करतो. मी सकाळी फिरायला जाताना पाट्यांचाच विचार करू लागलो.

मग एके दिवशी जिना चढता चढता मी सहज घराघरांसमोरच्या कुंड्या बघितल्या. एकूण एक ताटली काठोकाठ भरलेली होती. जोशीकाकूंच्या ताटलीत तर अळ्या वळवळताना दिसत होत्या, आणि ताटलीशेजारी काकू उभ्या राहून मला सांगत होत्या, “अंगणवाडी काय सुचलंय हो तुम्हाला! मी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं.”

“काकू, ती अंगणवाडी हीच,” मी बोट दाखवलं.

“इश्श!” त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. पाणी तसंच राहिलं.

प्रेमलाला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “माणसं काही ऐकत नाहीत. आता डासांनाच कळवा. ‘सर्व डासांस कळविण्यात येते की.’”

या सगळ्यात माझं खरं दुखणं होतं ते आप्पासाहेबांचं पिंप. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती आप्पासाहेबांची. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर दोन सदनिका दिल्या आणि पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांच्या हातचं एक जांभळाचं झाड राखून ठेवलं. त्या झाडाला घालायला म्हणून आप्पासाहेब एक भलंमोठं लोखंडी पिंप भरून ठेवत. ते पिंप वर्षानुवर्षं उघडं. ते आमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, आणि त्या खिडकीत निकिता संध्याकाळी पाय वर करून बसायची. तिच्या पायाशी मी कडुलिंबाचा धूर केला की ती खोकत म्हणायची, “बाबा, डास राहू देत, मला तरी राहू द्या.”

मी आप्पासाहेबांना तोंडावर एक शब्द बोललो नाही. पुणेकर आहे मी. मी फळ्यावर लिहिलं: ‘पार्किंगमधील पिंपाच्या मालकांनी विहिरीचे दिवस संपल्याची नोंद घ्यावी. डासांना पोहायला शिकवण्याचा वर्ग अन्यत्र हलवावा.’

ही पाटी फार गाजली. विश्वजीत म्हणाला, “काका, क्लास! हे व्हायरल... म्हणजे, खूप फॉरवर्ड होतंय.” आप्पासाहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि घरात गेले. संध्याकाळी पिंपाशेजारी दुसरं पिंप आलं. तेही काठोकाठ आणि उघडंच. आता निकिताच्या खिडकीखाली एकाऐवजी दोन.

विश्वजीतचं म्हणणं पडलं की पाटी हे माध्यमच जुनाट. “काका, डेटा दाखवायला पाहिजे. अवेअरनेस. मी पीपीटी बनवतो.” मी हो म्हटलं. रविवारी गच्चीवर प्रोजेक्टर लागला, चादरीचा पडदा झाला. पहिल्या चित्रात डास होता, पडद्याएवढा. पुढच्या बाकावरचं एक मूल किंचाळून रडायला लागलं आणि त्याला घेऊन त्याची आई खाली गेली. नंतर रंगीत वर्तुळं, बाण, चौकटी. विश्वजीत ‘रिस्क’ आणि ‘इम्पॅक्ट’ यांचा गुणाकार करून दाखवत होता. तेवढ्यात दिवे गेले. अंधारात आम्ही सगळे आपापल्या पोटऱ्यांवर चापट्या मारत बसलो.

दिवे आल्यावर शंकासमाधान. विश्वजीतने सांगितलं होतं की हा डास दिवसा चावतो. त्यावर चौथ्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, “मग आम्हाला प्रश्नच नाही. आम्ही नवराबायको दिवसा ऑफिसात असतो. डास इथे, आम्ही एसीत.” त्यांच्या घरी दिवसभर त्यांचे वडील असतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं की नाही या विचारात मी पडलो. हा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे ऐकून जोशीकाकूंनी मान डोलावली आणि घरी जाऊन बादलीत मूठभर माती टाकली. “आता नाही यायचा,” त्या मला दुसऱ्या दिवशी विजयाने म्हणाल्या. “पाणीच घाण केलं मी.”

आता शासनाची मदत घ्यायची असं ठरवून मी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. फवारणीचा अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “रुग्ण किती?”

“एकही नाही. होऊ नये म्हणून तर आलोय.”

“रुग्णाशिवाय फवारणी बसत नाही आमच्याकडे. रुग्ण झाला की रिपोर्ट जोडा.”

“अहो, पण तो होऊ नये...”

“मग नाही झाला तर चांगलंच आहे ना,” बाई शांतपणे म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मी स्वतः इतकी वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसलो होतो. त्यामुळे उत्तर किती चोख आहे याचं मला मनातून कौतुकच वाटलं. शेवटी माझी ओळख पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांच्या मेव्हण्यापर्यंत निघाली आणि फवारणीची गाडी मंजूर झाली.

गाडी आली ती बरोब्बर जोशीकाकूंच्या सत्यनारायणाच्या दिवशी. धूर पार्किंगमधून जिन्यात, जिन्यातून थेट पूजेत. गुरुजी कथेतला साधुवाणी समुद्रात टाकून गॅलरीत पळाले. रस्त्यावरच्या कुणीतरी आग लागली म्हणून अग्निशामक दलाला फोन केला. त्यांचे जवान आले, त्यांनी प्रसाद घेतला. गाडीबरोबर आलेले आरोग्य निरीक्षक, उत्तरेश्वर नावाचे कडक गृहस्थ, बॅटरी घेऊन सगळीकडे फिरले आणि पिंपांपाशी थांबले. दोन्ही पिंपांत अळ्या. मला मनातून बरं वाटलं. एवढ्यात त्यांनी नोटीस फाडली आणि माझ्याच हातात ठेवली.

“पिंप माझं नाही,” मी म्हटलं.

“पार्किंग सामाईक जागा. सामाईक जागेला जबाबदार सेक्रेटरी. ही दर्शनी भागात लावा.”

दर्शनी भाग म्हणजे माझा फळा. ‘श्री. सुखदेव ओव्हाळ यांनी डासोत्पत्तीस पोषक परिस्थिती निर्माण केल्याबद्दल’ अशी सुरुवात असलेला तो कागद मी माझ्या हाताने फळ्यावर चिकटवला. कोथरूडचे ते दोन गृहस्थ त्या दिवशी नेमके आले होते. त्यांच्या मते आजवरची ही सर्वोत्तम पाटी होती.

त्याच शुक्रवारी निकिता दुपारीच रिक्षाने घरी आली. अंगात ताप. डोकं दुखतंय म्हणाली, हाडं दुखतायत म्हणाली. अभयने तिला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं आणि रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, तोवर घरीच विश्रांती घ्या म्हणाल्या. ती खिडकीतल्या तिच्या जागेवर पडून होती. प्रेमला कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मी मधेच विचारलं, “जास्त आहे का ग?” तर प्रेमलाने माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा फार भीती वाटली. एवढा फळा लिहिला, एवढी माणसं हसवली आणि पोरीच्या खिडकीखालचं पाणी मला हलवता आलं नव्हतं.

मी खाली गेलो. पहिल्या पिंपाला दोन्ही हात लावले आणि जोर केला. पिंप जागचं हललं नाही. पाणी मात्र डचमळून माझ्या लेंग्यावर आलं. पुन्हा जोर केला, पुन्हा भिजलो. तिसऱ्या वेळी चप्पल घसरली आणि मी पिंपाला मिठी मारून कसाबसा उभा राहिलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

“सायेब, पाटी लिवून झाली का, की आता पिंपावरच लिवताय?”

आप्पासाहेब होते. कमरेवर हात. दुसरा कुठलाही दिवस असता तर माझ्याकडे चोख उत्तर तयार असतं.

“आप्पासाहेब,” मी म्हटलं, “मला भीती वाटतेय हो.”

ते जवळ आले. माझा हात धरून मला सरळ उभं केलं. मी सांगितलं, निकिताला ताप आहे, रिपोर्ट यायचाय आणि... इथे प्रेमलाची बंदी आठवून मी अडखळलो. मग म्हटलं काय व्हायचं ते होवो. “आणि तिला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. मागच्या वेळी राहिलं नव्हतं.”

“ते म्हाईत हाय की.”

“कुणी सांगितलं?”

“आमच्या लेकीला, शालूला, तुमच्या मंडळींनी सांगितलं, कुणाला बोलू नको म्हून. शालूनं मला सांगितलं, कुणाला बोलू नका म्हून. आख्ख्या बिल्डिंगला म्हाईत हाय.”

मी थक्क झालो. फळ्यावर मोठ्या अक्षरात, वीतभर उंचीने लिहिलेलं एकाच्याही डोक्यात गेलं नव्हतं आणि ‘कुणाला बोलू नका’ म्हणून कानात सांगितलेलं सगळ्या मजल्यांवर पोचलं होतं.

“मग तुम्हाला माहीत होतं, तर हे पाणी का नाही ओतलंत?” माझा आवाज चढलाच.

आप्पासाहेबांचाही चढला. “अवो, तुमच्या पाटीत पोरीचं नाव कुटं हुतं? पाटीत ‘मालकांनी नोंद घ्यावी’. पाटीत ‘विहिरीचे दिवस संपले’. मला वाटलं, माझ्या रानात ऱ्हाऊन हा मानूस मला अक्कल शिकवाय लागलाय. ह्या पान्यानं त्या पोरीला तरास हुईल म्हून तुमी भ्यालाय, हे कुटं लिवलं हुतं? येवढं सांगायला तोंड न्हवतं का?”

तोंड होतं, पण ते खडूत अडकलं होतं.

आप्पासाहेबांनी धोतराचा काचा मारला. “धरा तिकडनं,” म्हणाले. मी धरलं. दोघांनी मिळून ‘हां’ म्हणून जोर केला आणि पिंप कलंडलं. पाणी साऱ्या पार्किंगमधून वाहत गेलं, विश्वजीतच्या मोटरसायकलखालून, फाटकाबाहेर. मग दुसरं. सगळं पाणी गेल्यावर आप्पासाहेब जांभळाकडे बघून म्हणाले, “तुला देतो पाइपनं.” आणि जिना चढायला लागले.

ते प्रत्येक मजल्यावर गेले. बेल वाजवली नाही, दारंच ठोकली. “ओव्हाळांच्या सूनबाईला ताप आलाय. पोटुशी हाय. ताटल्या, बादल्या, कूलर, सगळं रिकामं करा. आत्ता. मी हितंच उभा हाय.” जोशीकाकू मातीच्या बादलीसकट धावल्या. कुलकर्ण्यांचे वडील स्वतः कूलर ओढत गॅलरीत आले. विश्वजीत फ्रिजच्या मागचा ट्रे हातात घेऊन विचारत होता, “काका, यात पण? हे तर माझ्या स्लाइडमध्येच होतं!” अर्ध्या तासात आमच्या इमारतीत डासाला बुडायलाही पाणी उरलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता, साधा ताप होता. प्रेमलाने अभयच्या हातातून कागद घेतला, वाचला आणि पदर तोंडाला लावून रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “लेंगा बदला. सगळा ओला आहे.” मी बदलून येईपर्यंत खालून आप्पासाहेबांकडून कढीलिंबाची फोडणी घातलेला मऊ भाताचा डबा आला होता. “कुणाला बोलू नका, पण रिपोर्ट चांगला आलाय,” असं मी डबा घेऊन आलेल्या शालूला सांगून टाकलं. मला खात्री होती, आता ते सगळीकडे पोचेल.

तिसरा महिना सरला, सातवा झाला. मी पाट्या लिहिणं सोडलं. कोथरूडचे गृहस्थ दोनदा येऊन हात हलवत परत गेले. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली, तशी घराघरांत पुन्हा पिंपं भरली जाऊ लागली. आप्पासाहेबांचंही भरलं, पण त्यावर आता पत्र्याचं झाकण आणि झाकणावर धोंडा.

एप्रिलमध्ये निकिताला मुलगी झाली. दवाखान्यातून परत येताना रिक्षात बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मी मनातल्या मनात मसुदा जुळवत होतो. इतक्या महिन्यांनी फळ्यावर लिहायचं, तर काहीतरी खास हवं. डासांना बारशाचं निमंत्रण नसल्याचं वगैरे. आम्ही लिफ्टपाशी आलो तर फळा आधीच भरलेला. अक्षर मोठं, वाकडं, खडू दाबून लिहिलेलं, आणि खाली शालूने काढलेलं एक फूल:

‘ओव्हाळांच्या घरी लेक आलीया. पाणी झाकून ठिवा.’

एवढंच. ना कोपरखळी, ना टोमणा. निकिताने ते वाचलं आणि बाळाचं तोंड फळ्याकडे वळवलं. मी खिशातला खडू खिशातच ठेवला आणि जिन्याने वर निघालो. लिफ्ट चालू होती, पण मला प्रत्येक मजला बघायचा होता. जोशीकाकूंच्या दारातली ताटली पालथी होती. कुलकर्ण्यांच्या बादलीवर परात होती. विश्वजीतच्या दाराशी एक भरलेली घागर होती आणि तिच्या तोंडावर त्याने आपला लॅपटॉप ठेवला होता. झाकण सापडलं नव्हतं म्हणाला.